छतातलं फूल आणि वाऱ्याची वाट

1958 साल सरत आलं होतं. बीजिंगच्या तिआनआनमन चौकाच्या पश्चिमेला जनतेचं महासभागृह उभं राहत होतं. 1 ऑक्टोबर 1959 ला चिनी प्रजासत्ताकाला दहा वर्षं होणार, त्याआधी इमारत तयार हवी होती. हातात वर्षसुद्धा नव्हतं. एका वेळी पाच हजार माणसांची पंगत बसेल एवढं मेजवानीचं दालन, आणि त्याच्या छताच्या सजावटीचं काम सत्तावीस वर्षांच्या छांग शाना यांच्याकडे आलेलं. त्यांनी छताच्या मधोमध एक भरघोस पाकळ्यांचं फूल काढलं. चीनच्या वायव्येकडच्या वाळवंटात दुनहुआंगची बौद्ध लेणी आहेत. त्यांत थांग राजवटीच्या काळातली (सातवं ते दहावं शतक) फुलं असतात, त्या घराण्यातलं. इमारतीचे वास्तुविशारद चांग बो यांनी ते पाहिलं. फूल त्यांना आवडलं नाही असं नव्हे, पण नुसतं फूल त्यांच्या कामाचं नव्हतं. दालनाला उजेड लागणार, हवा आत यायला आणि बाहेर जायला तोंडं लागणार. ती फुलाच्या बाजूला कुठेतरी वेगळी नकोत, फुलातच बसली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

उत्पादन-संकल्पनाच्या वर्गात जुन्या चित्रांचा विषय निघाला की मी बरीच वर्षं हेच प्रकरण घेते. मुलं सुरुवातीला हिरमुसतात. त्यांना मोबाइलची कव्हरं, स्नीकर, दागिने असं काहीतरी अपेक्षित असतं, आणि मी त्यांच्यापुढे एका सरकारी इमारतीचं छत ठेवते. पण लेण्यातलं चित्र नव्या वस्तूत उतरताना नेमकं काय होतं, कुठे अडतं आणि कशाने सुटतं, हे इतकं उघडं दिसणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

भिंतीला कागद लावायचा नाही

फूल आलं कुठून, ते आधी बघू. शाना यांचे वडील छांग शूहोंग यांचा जन्म 1904 चा, हांगचौचा. फ्रान्समध्ये तैलरंग शिकलेले आणि तिथेच रमलेले. लेकीचा जन्मही 1931 चा, ल्यों शहरातला. तिथल्या सोन नदीवरून तिचं नाव पडलं. 1935 मध्ये पॅरिसला सीन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या पथाऱ्यांवर शूहोंग यांना फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ यांनी छापलेले दुनहुआंगच्या लेण्यांच्या छायाचित्रांचे खंड दिसले. आपल्याच देशातलं हे काम आपण परक्या गावात, रस्त्यावरच्या पुस्तकात पाहतो आहोत, हे त्यांना लागलं. पुढे 1943 मध्ये ते गान्सू प्रांतातल्या त्या वाळवंटात पोचले, शेवटचा टप्पा उंटांवरून. 1944 च्या सुरुवातीला तिथे संशोधन संस्था सुरू झाली आणि ते तिचे प्रमुख झाले.

दुनहुआंगच्या या लेण्यांना मोगाओ म्हणतात. मोगाओचं काम केवढं आहे, त्याचा अंदाज घ्यायचा तर एवढं पुरे: चित्रं आणि मूर्ती असलेली 492 लेणी आणि सुमारे 45,000 चौरस मीटर भित्तिचित्रं. परंपरेप्रमाणे पहिलं लेणं इसवी सन 366 मध्ये एका भिक्षूने खोदलं आणि पुढे हजारेक वर्षं काम चालू राहिलं. त्यामुळे एकाच डोंगरात दहा-बारा राजवटींची चित्रकला एकमेकींना खेटून आहे. आपल्या अजिंठ्यात चित्रांचा मुख्य बहर वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, थोड्या वर्षांत येऊन गेला. तिथे तो शतकानुशतकं येत राहिला.

शाना 1943 मध्ये तिथे आल्या, बारा वर्षांच्या. आईला तो एकाकीपणा सोसला नाही, ती 1945 मध्ये घर सोडून गेली. मुलगी वडिलांच्या हाताखाली लेण्यांत नकला करू लागली. आत उजेड नाही, म्हणून बाहेर आरसा धरून ऊन आत वळवायचं, ते पांढऱ्या फळीवर पाडायचं आणि त्या पसरलेल्या उजेडात काम करायचं. (अजिंठ्यालाही आरसे आणि पांढरी कापडं वापरून लेण्यात ऊन खेळवायची युक्ती जुनीच.) छांग शूहोंग यांचा एक नियम कडक होता: भिंतीला कागद लावून गिरवायचं नाही. त्यांच्या आधी येऊन गेलेल्या चित्रकारांनी तसं केलं होतं आणि भिंतींना इजा झाली होती. हेतू भिंत वाचवायचा, पण त्यातून एक वेगळीच गोष्ट साधली. गिरवायचं नाही म्हटल्यावर बघावं लागतं. मध्य कुठे आहे, पाकळ्या आठ की बारा, वेल किती अंतराने वळसा घेते, कडेच्या पट्ट्या एकमेकींच्या कितव्या हिश्शाच्या आहेत, हे आधी शोधावं लागतं. गिरवणाऱ्याला रेषा मिळते. बघून काढणाऱ्याला रेषेमागचा हिशेब मिळतो. शाना यांच्याकडे किशोरवयातच हा हिशेब जमा झाला, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

उपडं माप, रंगवलेला चांदवा

आता छताकडे. मोगाओच्या पुष्कळ लेण्यांचं छत वर निमुळतं होत जातं. चार उतरत्या बाजू आणि माथ्यावर एक खोलगट चौकोन. चिनी भाषेत या आकाराला उपड्या मापाची उपमा आहे. आपली पायली गोल, त्यांचं धान्याचं माप चौकोनी, एवढा फरक. माथ्याच्या चौकोनात मधोमध कमळ. त्याभोवती नक्षीच्या पट्ट्या, एकीत एक. शेवटी त्रिकोणी जिभा, गोंडे आणि लोंबत्या फितींची झालर, जी चारी उतारांवर खाली येते.

झालर का? कारण ते मुळात कापड आहे. देवावर बांधतात तो चांदवा, मांडवाला लावतात ते छत, रंगात उतरवलेलं. आणि हे फक्त तिथलं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या-दुसऱ्या लेण्यात मान वर केलीत तर तिथलं छतही ताणून बांधलेल्या कापडासारखंच रंगवलेलं दिसतं. दुसऱ्या लेण्यात एकात एक वर्तुळं, त्यांच्या कोपऱ्यांत उडती जोडपी. पहिल्यात चौकटीच चौकटी: कमळं, हंस, फळं, हत्ती. बुद्धाच्या माथ्यावर छत्र धरायची, चांदवा ताणायची कल्पना इथून मध्य आशियामार्गे तिकडे गेली आणि जाता जाता प्रत्येक गावाची झाली.

सुई काळातलं (581 ते 618) 407 क्रमांकाचं लेणं तर प्रसिद्धच आहे. त्याच्या छतात कमळाच्या गाभ्यात तीन ससे एकमेकांमागे पळताहेत. तिघांत मिळून कान तीनच, पण ज्या सशाकडे बघाल त्याला दोन कान आहेत. कमळाभोवती उडत्या आकृत्यांचं एक कडं आहे. ससे, आकृत्या, ढग सगळे एकाच दिशेला फिरतात. थोडा वेळ बघत राहिलं की छत फिरतंय असं वाटू लागतं. (त्या लेण्यात मी गेलेले नाही, मोठ्या छायाचित्रांवरून सांगते आहे.)

रेशमी रुमाल, 1952

छताच्या फुलाआधी एक रुमाल झाला होता. तो समजल्याशिवाय फूल कळत नाही.

1951 च्या वसंतात बीजिंगच्या जुन्या राजवाड्याच्या दक्षिण दरवाजात, वूमनवर, दुनहुआंगच्या नकलांचं मोठं प्रदर्शन भरलं. अमेरिकेत बॉस्टनला शिकायला गेलेल्या शाना नुकत्याच परतल्या होत्या. प्रदर्शनाला वास्तुविशारद जोडपं आलं, लियांग सछंग आणि लिन ह्वेईयिन. लिनबाईंनी या मुलीला छिंगह्वा विद्यापीठात आपल्याकडे बोलावून घेतलं.

या लिनबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. 1924 मध्ये रवींद्रनाथ चीनला गेले तेव्हा बीजिंगमध्ये त्यांच्या सोबत दुभाषी म्हणून वावरलेली एकोणीस वर्षांची मुलगी ती हीच. रवींद्रनाथांच्या बरोबर तेव्हा नंदलाल बोसही होते, आणि नंदलालांनी 1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत अजिंठ्याला बसून नकला केलेल्या. दोन डोंगरांच्या मधलं अंतर कधीकधी असं चार माणसांचंच असतं.

1951 पर्यंत लिनबाई क्षयाने खंगल्या होत्या, पण एका चिंतेने त्यांना पछाडलं होतं: बीजिंगची तारेची मिनाकारी मरायला टेकली होती. तांब्याच्या भांड्यावर बारीक तारेने नक्षी बसवायची, तारांच्या मधे रंगीत काचेची पूड भरायची, भाजायचं, घासायचं, असं ते कष्टाचं काम. कारागीर होते, हात होता, पण नक्षी तीच ती, छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या दरबारी वळणाची, ठासून भरलेली. वस्तूही त्याच त्या, फुलदाण्या आणि धूपपात्रं. गिऱ्हाईक उरलं नव्हतं. लिनबाईंनी आपल्या तीन तरुण सहायिकांना सांगितलं ते थोडक्यात असं: नक्षीसाठी मागे जा, थेट थांग-सुईपर्यंत, आणि वस्तूसाठी पुढे या. ताटली, टेबलावरचा दिवा, घरात रोज हाताला लागेल असं काहीतरी करा. कारखान्यात जा, तार कशी वळते ते बघा, मग काढा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची नस इथे आहे. जुनं चित्र नव्या वस्तूवर आणताना बहुतेक लोक वस्तू आधी ठरवतात आणि त्यावर चित्र डकवतात. लिनबाईंनी चित्र, वस्तू आणि ती घडवणारा हात, तिन्ही एकाच वेळी टेबलावर ठेवले. तारेला एका मर्यादेपलीकडे बारीक वळण घेता येत नाही, म्हणजे दुनहुआंगच्या वेलीतले कोणते फाटे ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे तार ठरवणार.

ऑक्टोबर 1952 मध्ये बीजिंगमध्ये आशिया-पॅसिफिक शांतता परिषद भरली. भारतातूनही शिष्टमंडळ गेलं होतं. पाहुण्यांना द्यायच्या भेटींचं काम छिंगह्वाच्या या गटाकडे आलं: मिनाकारीच्या वस्तू आणि रेशमी चौकोनी रुमाल. रुमालाची नक्षी शाना यांची. पाया सुई काळातल्या छताच्या नक्षीचा, आणि तिच्यात शांततेची कबुतरं. पिकासोच्या कबुतराने तेव्हा जगभरच्या शांतता परिषदांवर मुक्काम ठोकला होता. ते या छतात आणायची कल्पना लिनबाईंची.

ही कल्पना वरवर साधी वाटते, पण ती का जमली ते बघण्यासारखं आहे. एक तर छत मुळात कापडाचंच रूप. कापडावरून भिंतीवर गेलेली गोष्ट हजारेक वर्षांनी पुन्हा कापडावर आली, तिला परकं वाटायचं कारण नव्हतं. दुसरं म्हणजे आकार: छताचा माथा चौकोनी, रुमाल चौकोनी. तिसरं फार व्यावहारिक आहे. रुमाल घडी घालून, तिरका दुमडून बांधतात. कोणाचा चेहरा छापलात तर नाक एका बाजूला आणि डोळा दुसऱ्या बाजूला जातो. मध्य आणि चारी बाजूंनी सारखी फिरणारी नक्षी मात्र कशीही दुमडा, जो कोपरा वर येईल तो पुरा दिसतो. आणि चौथं, माझं आवडतं: सुई छतात कमळाभोवती फिरणाऱ्या उडत्या आकृत्यांची जागा आधीच होती. कबुतराला त्या जागी बसायला काही मोडावं लागलं नाही. रचनेत उडणाऱ्यासाठी आसन राखलेलं होतं, उडणारा बदलला.

लिन ह्वेईयिन 1955 मध्ये गेल्या. महासभागृहाचं फूल त्यांनी पाहिलं नाही.

फुलाला भोकं पाडायची कशी

पुन्हा 1958 च्या त्या टेबलाशी येऊ. शाना यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. दिवे आणि हवेची तोंडं ही एक. दुसरी अडचण मापाची. लेण्यातलं छत डोक्याच्या चार-सहा मीटर वर असतं आणि बघणारा शांतपणे मान वर करून उभा असतो. हे दालन शंभर मीटरहून लांब, पाऊणशे मीटर रुंद आणि सुमारे पंधरा मीटर उंच. बघणारा जेवतोय, बोलतोय, वर एकदाच नजर टाकणार. लेण्यातली केसासारखी रेषा इथे दिसणारच नाही. म्हणजे नक्षी जशीच्या तशी मोठी करूनही उपयोग नव्हता. बारीक रेषा मोठी केली की जाड रेषा होते, मोठी रचना होत नाही.

तिथे तो गोळा केलेला हिशेब कामी आला. थांग फुलाचं शरीर कसं असतं? मधे गाभा. गाभ्याभोवती पाकळ्यांचं कडं. त्याभोवती मण्यांची माळ, म्हणजे ओळीने बसवलेली छोटी वर्तुळं. मग पुन्हा पाकळ्यांचं मोठं कडं, मग पुन्हा पट्टी. या रचनेत भरीव जागा आहेत आणि ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येणारे ठिपके आहेत. दिव्याला काय लागतं? ठरावीक अंतरावर येणारा ठिपका. हवेच्या तोंडाला काय लागतं? सलग फिरणारी पट्टी किंवा सारख्या अंतरावरची छिद्रं. मागणी आणि नक्षी यांचं व्याकरण एकच निघालं. पाकळ्या प्लास्टरमध्ये उठावाच्या झाल्या, गाभ्याला काच आली, आणि दिवे व हवेची छिद्रं वर्तुळांच्या, मण्यांच्या जागी फुलाच्या अंगातच गेली. खाली बसलेल्या माणसाला फूल दिसतं. वारा त्यातूनच येतो, हे त्याला कळायची गरज नसते.

शाना यांनी उतारवयात ही गोष्ट अनेकदा सांगितली, आणि दर वेळी श्रेय चांग बो यांच्या त्या टोकण्याला दिलं. मला त्यात फार अर्थ दिसतो. अडचण आली नसती तर ते फूल छतावरचं चित्र राहिलं असतं, सुरेख आणि अनावश्यक. दिवा आणि वारा मागितल्यामुळे त्यांना नक्षीत आणखी खोल जावं लागलं आणि पुष्कळ काही सोडावं लागलं. रंग जवळपास सगळा सोडला. लेण्यातल्या छताचा निळा-हिरवा, काव, काळा, काही नाही. पांढऱ्या उठावावर सोनेरी झळाळी, बस. तरीही ज्याने दुनहुआंग पाहिलं आहे त्याला ते फूल कुठलं हे सांगावं लागत नाही.

एक कडवट टीप. ज्या राज्याने आपल्या सर्वात मोठ्या दालनात हे बौद्ध कमळ सन्मानाने टांगलं, त्याच राज्यात पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत छांग शूहोंग यांचा अतोनात छळ झाला. आणि फुलाची निवड तितकी निरागस नव्हती हेही खरं. बुद्ध, बोधिसत्त्व, जातकं यांतलं काहीच त्या छतावर गेलं नाही. फूल गेलं, कारण फुलाला धर्म विचारता येत नाही. कोणी याला चलाखी म्हणेल. मी म्हणेन की नक्षी हा लेण्याचा सगळ्यात सहज प्रवास करणारा भाग आहे. ती मुळातही चीनमध्ये अशीच, कोणाच्या तरी कापडावरून, आली होती.

काळवंडलेला चेहरा कोणत्या रंगात घ्यायचा

रंग सोडायचा मुद्दा निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबते. विद्यार्थी इथे सगळ्यात जास्त चुकतात.

दुनहुआंगचे निळे-हिरवे खनिज रंग बरेचसे टिकले. शिसं असलेले लाल आणि पांढरे रंग मात्र काळाच्या ओघात काळवंडले. उत्तर वेई राजवटीच्या काळातल्या (चौथ्या शतकाच्या अखेरीपासून सहावं शतक) 254 आणि 257 क्रमांकाच्या लेण्यांत चेहरे काळपट दिसतात आणि त्यांवर नाकाची दांडी व डोळे पांढरे चमकतात. मूळ चित्रकाराने ते तसे काढले नव्हते. कातडीच्या रंगाची ती छाया होती, आता ती ठसठशीत काळी रेघ झाली आहे. 257 मध्येच रुरू मृगाचं जातक आहे, बुडणाऱ्या माणसाला वाचवणाऱ्या आणि त्याच माणसाच्या कृतघ्नपणामुळे संकटात सापडणाऱ्या हरणाचं. ते हरीण आज दुनहुआंगच्या दर दुसऱ्या वस्तूवर उभं असतं.

मग वस्तूवर कोणता रंग न्यायचा, आज दिसतो तो की मूळचा असेल तो? दुनहुआंगच्या संस्थेत नकलांचे दोन्ही प्रकार चालत. एक, भिंत आज जशी आहे तशी, पोपड्यांसकट. दुसरा, अभ्यास करून मूळ कसं असेल ते उभं करणारी. दोन्ही प्रामाणिक आहेत, फक्त आपण कोणती केली ते माहीत हवं. सध्या बाजारात जे चालतं ते तिसरंच: काळवंडलेली रेषा ठेवायची आणि तिच्यावर झगझगीत रंग भरायचा. म्हणजे अपघातही खरा नाही आणि मूळही खरं नाही. अजिंठ्याच्या बाबतीत हेच होतं. तिथल्या पिवळट तांबूसपणात जुन्या नकलाकारांनी चढवलेल्या व्हार्निशचा आणि निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी 1920-22 मध्ये लावलेल्या लाखेचाही हात आहे. ‘अजिंठा ब्राऊन’ म्हणून पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जो रंग मिरवतो त्याचा बराचसा भाग वाकाटकांचा नाही.

शाना यांनी 1959 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर पुन्हा मोगाओला जाऊन जे केलं ते या दृष्टीने मोठं शहाणपणाचं होतं. त्यांनी आकृत्या काढल्या नाहीत, आकृत्यांचे कपडे काढले: बाही, काठ, शेला, कमरेचा पट्टा, बोधिसत्त्वाच्या वस्त्रावरची बुट्टी, दान देणाऱ्या राण्यांच्या झग्यांवरची फुलं. राजवटीप्रमाणे लावलेला तो संग्रह पुस्तकरूपाने 1986 मध्ये आला. कापड विणणाऱ्याला, ताटली रंगवणाऱ्याला देवी नको असते, देवीच्या पदरावर काय आहे ते हवं असतं.

हे वाचलं की मला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं ते हंसांच्या नक्षीचं वस्त्र आठवतं. अजिंठ्यात पट्ट्यापट्ट्यांची, इकतीसारखी दिसणारी वस्त्रं तर पावलोपावली आहेत. पैठणीच्या पदरावर ‘अजंठा कमळ’ पिढ्यान् पिढ्या विणलं जातंय, म्हणजे हा प्रवास आपल्याकडे अगदीच झाला नाही असं नाही. पण फर्दापूरच्या थांब्यावर उतरलात तर दुकानांत काय दिसतं? पद्मपाणी. चुंबकावर पद्मपाणी, पेल्यावर पद्मपाणी, किल्लीच्या साखळीला पद्मपाणी. मी एक पेला घेतला होता. पद्मपाणीच्या हातातलं कमळ नेमकं पेल्याच्या कानामागे गेलं होतं. तिसऱ्या-चौथ्या धुण्यात बोधिसत्त्वाचा मुकुटही गेला.

खरं तर मुंबईत ही सुरुवात चीनच्या कितीतरी आधी झाली होती. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या नकला करत होते. छताच्या चौकटी त्यांनी मोठ्या संख्येने उतरवल्या. त्याच स्कूलमध्ये जॉर्ज टेरी यांनी उभ्या केलेल्या कुंभारकामाच्या विभागात अजिंठ्याची नक्षी बरण्यांवर, फुलदाण्यांवर चढली. त्या आज लंडनच्या संग्रहालयात बघायला मिळतात. नकलांपैकी पुष्कळ 1885 मध्ये लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. फुलदाण्या विलायतेच्या दिवाणखान्यांत गेल्या. मुंबईच्या घरात, रोजच्या वापरात त्यातलं काही आलं नाही, आणि मला वाटतं ही मेख आगीपेक्षा मोठी आहे.

दुनहुआंगला रुमाल मात्र परत आला. 2018 मध्ये तिथल्या अकादमीने आणि टेन्सेंट कंपनीने मिळून मोबाइलवर एक सोय काढली: लेण्यांतले आकृतिबंध निवडा, एकावर एक रचा, लहानमोठे करा, आणि आपला रेशमी रुमाल छापून घ्या. लेण्यांचं डिजिटायझेशन आधीच बरंच झालेलं होतं. 2016 मध्ये तीस लेणी सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुली झाली होती, त्याचा हा एक फाटा. लोकांनी तो हौसेने वापरला. मला त्यात वाईट काही दिसत नाही. भिंतीवर माणसांचा श्वास जितका कमी पडेल तितका बरा, आणि लेणं घरी न्यायची ओढ रुमालावर भागत असेल तर भागू दे. पण त्यातले बरेच रुमाल पाहिले की 1952 चा तो एकच रुमाल वेगळा का, ते समजतं. नव्या रुमालांत सगळं आहे: हरीण, अप्सरा, ढग, कमळ. त्यातल्या कोणीच कोणासाठी जागा सोडलेली नाही.

मोरीची जाळी

मागच्या वर्षी वर्गाला मी अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छताचा एक तुकडा दिला आणि सांगितलं, यातून मोरीची जाळी करा. पाणी गेलं पाहिजे, केस अडकले पाहिजेत, पाय ठेवला तर टोचता कामा नये, ओतकाम सोपं हवं. दहा-बारा दिवस आरडाओरड झाली. मग एकेक जण छिद्रं मोजू लागला. छतातली वर्तुळं बाहेर जाताना किती पटीने वाढतात, हे एकाने काढून आणलं. आधी कोणालाही पहिल्या दृष्टिक्षेपात ते दिसलं नव्हतं.

एका मुलीने मात्र काम खाली ठेवलं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, हे आमच्या घरी चालणार नाही. आजी विहारात जाते. लेण्यातलं कमळ मोरीत, पायाखाली? नाही.’’

वर्गात दोन तट पडले. एकाने सांगितलं, कमळ पायाखालीच असतं. जन्मल्यावर सिद्धार्थाने टाकलेल्या सात पावलांखाली कमळंच उमलली होती. मी मोगाओच्या लेण्यांत जमिनीवर बसवलेल्या कमळाच्या नक्षीच्या विटा दाखवल्या. भाविक त्यांच्यावरूनच चालत आले आहेत. मुलगी ऐकत होती. ‘‘ते लेणं आहे, मॅडम. ही मोरी आहे,’’ ती म्हणाली, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने मोजमाप तेच ठेवलं, छिद्रंही तीच ठेवली. जाळी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीवर, धूर बाहेर जायच्या झरोक्यात बसवली. पाण्याऐवजी वारा. मग तिच्या लक्षात आलं की वाऱ्याला मधला गाभा बंद चालतो, पण कडेची छिद्रं मोठी लागतात, नाहीतर फोडणीचा धूर घरातच फिरतो. बाहेरचं वर्तुळ तिने पुन्हा आखायला घेतलं.